कामाची वाट



एखाद्या कंपनीकडे आपण काही मागणी नोंदवितो. ठरलेला दिवस उलटून जातो आणि मग आपण चौकशीला लागतो. विक्री विभाग सांगतो, "आमच्याकडून कागद परवाच पुढे गेला." हिशेब विभाग म्हणतो, "आमची टिपणी तर त्याच दिवशी झाली." भांडारपाल म्हणतो, "आमच्याकडे अजून काही आलेलेच नाही." यांतला एकही मनुष्य खोटे बोलत नसतो आणि बहुधा एकही आळशी नसतो. प्रत्येकाने आपापले काम वेळेवर उरकलेले असते. झालेले नसते ते फक्त आपले काम!

प्रत्येकाचे काम झाले आणि तरीही काम झाले नाही, हा काय प्रकार आहे? याचा उलगडा करणे आणि त्यावर इलाज करणे, यासाठी व्यवस्थापनाच्या क्षेत्रात एक स्वतंत्र विचारपद्धती उभी राहिली आहे. तिला 'बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट' असे नाव आहे. मराठीत 'कार्यप्रक्रियांचे व्यवस्थापन' असे म्हणता येईल. परंतु मी आज तिला साध्या शब्दांत 'कामाची वाट' असेच म्हणणार आहे. कंपनीचा नकाशा आपण काढतो तो विभागांचा: वर संचालक, खाली व्यवस्थापक, त्याखाली कारकून आणि कामगार. ही झाली उभी रचना. काम मात्र आडवे चालते. ते एका विभागाचा उंबरठा ओलांडून दुसऱ्यात, दुसऱ्याचा ओलांडून तिसऱ्यात जाते. विभागांना मालक असतात. उंबरठ्यांना कोणी नसतो. काम अडते ते बहुधा उंबरठ्यावर.

ही जाणीव आपल्याला अगदीच परकी नाही. जुन्या मराठी राजपत्रांवर 'बार सूद' असा शेरा आढळतो. कागदाची दप्तरी नोंद झाली, असा त्याचा अर्थ. कागद कोणत्या हातांतून गेला, याची खूण कागदावरच राहावी, ही दक्षता त्यामागे होती. मात्र कागद कोठे आहे हे कळणे वेगळे आणि तो लवकर पोहोचणे वेगळे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे एका बलाढ्य कंपनीची कशी फसगत झाली, ते पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील आय.बी.एम. या कंपनीची 'आय.बी.एम. क्रेडिट' नावाची एक उपकंपनी होती. मूळ कंपनीचे संगणक विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांना कर्ज देणे, हा तिचा धंदा. मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची हकीकत सविस्तर दिली आहे. विक्रेत्याचा दूरध्वनी आला की एक जण त्याची मागणी कागदावर टिपून घेई. तो कागद पत तपासणाऱ्यांकडे जाई, तेथून कराराच्या अटी ठरविणाऱ्यांकडे, मग व्याजाचा दर काढणाऱ्याकडे, आणि शेवटी पत्र तयार करणाऱ्या कारकुनांकडे. या पाच टप्प्यांना सरासरी सहा दिवस लागत. कधी कधी दोन आठवडेही जात. तेवढ्या अवधीत गिऱ्हाईक दुसरीकडे कर्ज मिळवी, किंवा संगणकच दुसऱ्या कंपनीचा घेई.

विक्रेते वैतागले, आमचा कागद कोठे आहे, असे रोज विचारू लागले. तेव्हा कंपनीने जो पहिला उपाय योजला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी योजला असता. तिने मध्ये एक नवे टेबल बसविले. प्रत्येक टप्पा आटोपला की कागदाने या टेबलाकडे परत यावयाचे, तेथे नोंद व्हावयाची, आणि मग पुढे जावयाचे. परिणाम असा झाला की कागद कोठे आहे ते तात्काळ सांगता येऊ लागले. परंतु त्याला लागणारा वेळ मात्र वाढला!

अखेर दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना एक साधी कल्पना सुचली. त्यांनी एक मागणी हाती घेतली आणि ते स्वतः तिच्याबरोबर चालू लागले. प्रत्येक टेबलापाशी जाऊन ते म्हणत, "हातातले काम बाजूला ठेवा आणि नेहमी करता तसेच हे काम आमच्यासमोर करा." पाचही टप्पे पुरे झाले तेव्हा त्यांनी वेळ मोजला. तो भरला दीड तास.

एकीकडे सहा दिवस, दुसरीकडे दीड तास. बाकीचा वेळ कागद कोणाच्याच हातात नव्हता. तो टोपलीत पडून होता. आता विचार करा, प्रत्येक कारकुनाला दटावून त्याचा कामाचा वेग दुप्पट केला असता, तर काय वाचले असते? दीड तासाचे पाऊण तास झाले असते आणि सहा दिवस जवळजवळ तसेच राहिले असते. दिरंगाई दिसली की कामगारावर डाफरणारे व्यवस्थापक पुष्कळ असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच तो प्रकार होय.

पुढे त्या अधिकाऱ्यांना असे आढळले की, बहुतेक मागण्या अगदी साध्या असतात. थोड्याच खरोखर अवघड असतात. परंतु साऱ्या वाटेची आखणी मात्र प्रत्येक मागणी अवघडच आहे, असे गृहीत धरून झालेली होती. म्हणून त्यांनी चार तज्ज्ञांच्या जागी एकच माणूस नेमला, त्याच्या हाताशी संगणकाची जोड दिली, आणि अवघड प्रकरणापुरते थोडे तज्ज्ञ मागे ठेवले. सहा दिवसांचे काम चार तासांवर आले. माणसांची संख्या किंचितच घटली, पण निकालात निघणाऱ्या प्रकरणांची संख्या शंभर पटींनी वाढली, असे ग्रंथकारांनी नोंदविले आहे.

ही गोष्ट मोठ्या अमेरिकन कंपनीची म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. उद्यमबाग, वेर्णा, पिथमपूर किंवा मकरपुरा, कोणत्याही औद्योगिक वसाहतीत हेच दिसू शकेल. समजा, बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाची एक मध्यम फाउंड्री आहे. गिऱ्हाईक सुट्या भागाचे रेखाचित्र पाठवून दर विचारते. विक्रीचा मनुष्य ते उतरवून घेतो, पॅटर्नचा जाणकार साच्याचा अंदाज करतो, हिशेबनीस खर्च काढतो, आणि शेवटी मालक दरपत्रकावर सही करतात. समजा, अशी चाळीस प्रकरणे नेहमी पडून असतात आणि दिवसाला पाच निकालात निघतात. तर चाळीस भागिले पाच, म्हणजे नव्या प्रकरणाला सरासरी आठ दिवस थांबावे लागणार. जॉन लिटल या अमेरिकन गणितज्ञाने १९६१ साली हा नियम गणिताने सिद्ध करून दाखविला. पडून असलेली कामे भागिले रोज उरकणारी कामे, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ, इतका तो सोपा आहे. आपल्या कंपनीत गिऱ्हाइकाला किती थांबावे लागते हे जाणण्यासाठी कोणत्याही महागड्या यंत्रणेची गरज नाही. टोपलीतले कागद मोजले तरी पुरे.

आता या फाउंड्रीने कामाची वाट सुधारावयाचे ठरविले, तर तिने सुरुवात कोठून करावी?

पहिली गोष्ट, साऱ्या कंपनीला एकदम हात घालू नये. एकच वाट निवडावी, आणि ती अशी निवडावी की जिचा त्रास गिऱ्हाइकाला खरोखर भोवतो आहे. दरपत्रकाची वाट घेतली तर दरपत्रकाचीच घ्यावी. एका वाटेवर आलेले यश दहा वाटांच्या योजनेपेक्षा लोकांना अधिक पटते.

दुसरी गोष्ट, ती वाट आज जशी आहे तशी काढावी. नियमपुस्तकात लिहिली आहे तशी नव्हे. कामाची अशी चित्रे काढण्याची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. त्याच संस्थेने १९४७ साली त्यासाठी पाच खुणा ठरवून दिल्या: प्रत्यक्ष काम, ने-आण, तपासणी, खोळंबा आणि साठवण. या पाचांपैकी गिऱ्हाईक पैसे देते ते केवळ पहिल्या खुणेसाठी. भिंतीवर मोठा कागद लावावा, वाटेवरच्या प्रत्येक माणसाला बोलवावे, आणि त्याच्याच तोंडून पुढचे पाऊल वदवून घ्यावे. मग नियमपुस्तकात कोठेही नसलेल्या गोष्टी बाहेर येतात. हिशेबनिसाला रेखाचित्र नीट कळत नाही म्हणून तो रोज दुपारी पॅटर्नवाल्याकडे जाऊन विचारतो, किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकांची एक वेगळी वही विक्रीच्या खणात असते. हल्ली संगणकातील नोंदींवरून कामाची वाट आपोआप रेखून देणारी साधने निघाली आहेत, आणि ती उपयोगीही आहेत. परंतु संगणकाला फक्त नोंदलेले दिसते. खणातली वही त्याला दिसत नाही.

तिसरी गोष्ट, वाटेला धनी नेमावा. विक्रीचा प्रमुख, हिशेबाचा प्रमुख हे असतातच. परंतु गिऱ्हाइकाच्या प्रश्नापासून त्याच्या हाती दरपत्रक पडेपर्यंतच्या साऱ्या वाटेला एकच माणूस जबाबदार असला पाहिजे. त्याला विभागांचे उंबरठे ओलांडण्याचा अधिकारही दिला पाहिजे. जबाबदारी आहे आणि अधिकार नाही, अशी नेमणूक म्हणजे शुद्ध छळ होय. आणि कोणीच धनी नसला, तर बारभाईची खेती काय लागेल हाती, हे आपल्या वाडवडिलांनीच सांगून ठेवले आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. आधी नियम बदलावा, मग यंत्र आणावे. याचे उदाहरण फोर्ड या मोटार कंपनीचे आहे. हॅमर यांनी १९९० साली एका लेखात ते मांडले आणि तेव्हापासून ते व्यवस्थापनाच्या वर्गांतून शिकविले जाते. १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील कारभारात, माल पुरविणाऱ्यांचे पैसे चुकते करण्याच्या कामावर पाचशेहून अधिक माणसे होती. संगणक आणून ही संख्या सुमारे चारशेवर आणावी, असा बेत होता. तोच त्यांच्या पाहण्यात आले की, जपानच्या माझदा कंपनीत हे काम पाच माणसे करतात. माझदा लहान कंपनी खरी. पण तो फरक जमेस धरला तरी ही तफावत डोळ्यांत भरण्याजोगी होती.

फोर्डमध्ये खरेदीच्या मागणीपत्राची एक प्रत हिशेबाकडे येई, माल आल्याची नोंद दुसरीकडून येई, आणि पुरवठादाराचे बीजक तिसरीकडून. या तीन कागदांवरच्या चौदा बाबी जुळल्या की पैसे दिले जात. न जुळल्या की शोध सुरू होई, आणि कारकुनांचा बराचसा वेळ या न जुळणाऱ्या कागदांपायीच जाई. फोर्डने जुळवाजुळव जलद केली नाही. तिने बीजकच काढून टाकले. मागणीपत्र संगणकात नोंदवावयाचे. माल फाटकाशी आला की तेथील मनुष्याने संगणकात पाहावयाचे. मागणीशी जुळत असेल तर माल घ्यावयाचा, नाही तर परत पाठवावयाचा. 'बीजक आल्यावर पैसे' हा जुना नियम जाऊन 'माल आल्यावर पैसे' हा नवा नियम आला. चौदा बाबींच्या तीन झाल्या. माणसांत वीस टक्क्यांऐवजी पंचाहत्तर टक्के घट झाली. जुना नियम तसाच ठेवून संगणक आणला असता, तर जुनाच गोंधळ अधिक वेगाने झाला असता, एवढेच.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रत्येक जादा सहीच्या आणि प्रत्येक जादा तपासणीच्या मागे एखादी जुनी जखम असते. कधी काळी कोणी खोटे बिल लावलेले असते, कधी चुकीच्या दराने कंपनी बुडता बुडता वाचलेली असते. म्हणून पायरी काढण्यापूर्वी ती का आली, हे विचारावे. माल मागविणारा आणि माल मोजून घेणारा मनुष्य एकच असू नये, यासारखे काही नियम गतीच्या नावाखाली मोडावयाचे नसतात. फोर्डनेही तपासणी सोडली नाही. जेथे चूक होते आणि जेथे ती सहज दिसते, त्या फाटकापाशीच तिने ती नेऊन ठेवली.

आता आपल्या फाउंड्रीकडे वळू. तेथे भिंतीवरचे चित्र पुरे झाल्यावर बहुधा असे दिसेल की, आठ दिवसांपैकी सर्वांत मोठा खोळंबा मालकांच्या सहीपाशी आहे. मालक गावोगाव फिरतात. कागद त्यांची वाट पाहतात. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण बोलणार कोण? अशा वेळी मालकांनीच उठून म्हटले पाहिजे की, ठरावीक रकमेपर्यंतच्या आणि ठरलेल्या नफ्याच्या दरपत्रकावर विक्रीच्या माणसानेच सही करावी. मी फक्त मर्यादेबाहेरची पाहीन, आणि आठवड्यातून एकदा झालेल्यांतली काही उघडून तपासीन. हे म्हणणे सोपे नाही. सहीत मान असतो, सहीत सत्ता असते. परंतु वरच्या माणसाने काही सोडल्याखेरीज खालची माणसे काही सोडीत नाहीत. कामाची वाट सुधारण्याच्या योजना ज्या खडकावर फुटतात, तो खडक पुष्कळदा कारकुनाच्या टेबलापाशी नसून मालकाच्या खोलीत असतो.

आणि आता त्या कारकुनाविषयी. वीस वर्षे नोकरी केलेला मनुष्य आपल्या कामातल्या खाचाखोचा जाणतो. भिंतीवरचे चित्र त्याच्या ज्ञानाशिवाय पुरे होत नाही. परंतु चित्र पुरे झाले की आपली जागा जाणार, अशी भीती त्याच्या मनात असेल, तर तो बोलणार नाही. किंवा बोलेल ते अर्धेच. ही भीती निराधार नव्हे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रक्रियांची 'पुनर्रचना' हा शब्द नोकरकपातीचा दुसरा अर्थ होऊन बसला. या विचाराचे आद्य प्रचारक हॅमर यांनी स्वतः १९९६ साली मान्य केले की, अभियंत्याच्या दृष्टीने पाहताना माणसाच्या बाजूकडे आपले पुरेसे लक्ष गेले नव्हते.

म्हणून चित्र काढण्याच्या आधीच कंपनीने आपला शब्द द्यावा. या सुधारणेपायी कोणाची नोकरी जाणार नाही. वाचलेल्या वेळात अधिक काम घेऊ, माणसांना नवे काम शिकवू, असे सांगता येत असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि पाळावे. आय.बी.एम. क्रेडिटमध्ये वाचलेला वेळ वाढत्या कामात गेला. फोर्डमध्ये तो माणसे कमी करण्याकडे गेला. दोन्ही मार्ग खुले असतात, आणि कोणता धरावयाचा हे संगणक ठरवीत नाही, मालक ठरवितात. तसा शब्द देता येत नसेल, तर निदान खोटा तरी देऊ नये. एकदा फसलेला कामगार दुसऱ्यांदा भिंतीपाशी येत नाही.

पाचवी गोष्ट, वाट एकदा दुरुस्त केली म्हणजे कायमची दुरुस्त झाली, असे नाही. पावसाळ्यानंतर रस्त्याला जसे खड्डे पडतात तसे तिलाही पडतात. जपानच्या टोयोटा कंपनीत दोष दिसताच कामगाराने दोरी ओढून इशारा द्यावा आणि तो दोष तेथल्या तेथे निपटला नाही तर काम थांबवावे, अशी प्रथा पडली. ती प्रसिद्ध झाली ती दोरीमुळे नव्हे. ती ओढणाऱ्यावर कोणी डोळे वटारीत नसे, म्हणून. आपल्या फाउंड्रीतही किती दिवस लागले आणि किती कागद दुरुस्तीसाठी मागे फिरले, हे दोन आकडे दर आठवड्याला भिंतीवर लागावेत. मात्र आकडा हा दिवा आहे, दंडुका नव्हे. दंडुका झाला की माणसे काम सुधारीत नाहीत, आकडा सुधारतात. अर्ज खिडकीशी आला तरी 'अपुरा' म्हणून दाखलच करून घ्यावयाचा नाही, म्हणजे उशीर कागदावर दिसतच नाही, ही युक्ती आपण सर्वांनी कोठे ना कोठे अनुभविलेली आहे.

शेवटी या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील 'म्युच्युअल बेनिफिट लाइफ' ही विमा कंपनी या क्षेत्रातला आदर्श मानली जात होती. तिच्याकडे विम्याचा अर्ज पाच विभागांतील एकोणीस माणसांच्या हातांतून जाई आणि पाच ते पंचवीस दिवस घेई. तिने एकेका अर्जाची सारी जबाबदारी एकेका माणसाकडे सोपविली आणि सरासरी अवधी दोन ते पाच दिवसांवर आणला. हे हॅमर यांनी १९९० साली कौतुकाने लिहिले. पुढच्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, ती कंपनी न्यू जर्सी राज्याच्या विमा अधिकाऱ्यांना ताब्यात घ्यावी लागली. कारण तिचा पैसा स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांत अडकून बुडाला होता. अर्जाची वाट उत्तम होती, पण कंपनीची दिशा चुकली होती. चांगली वाट माणसाला लवकर पोहोचविते. कोठे जावयाचे, हे ती सांगत नाही.

तरीही वाटेचे महत्त्व कमी होत नाही. कोठे जावयाचे हे ठरविणारे थोडे असतात. त्या वाटेवर रोज चालणारे पुष्कळ असतात, आणि वाटेच्या टोकाशी उभे असलेले गिऱ्हाईक तर आपणच असतो. ज्यांच्या हाती एखादी कंपनी, एखादी कचेरी, निदान एखादे टेबल आहे, त्यांनी उद्या सकाळी एक प्रयोग करून पाहावा. सल्लागाराला बोलावू नये, यंत्र मागवू नये. टोपलीतला सर्वांत वरचा कागद घ्यावा आणि तो पुरा होईपर्यंत त्याच्याबरोबर चालावे. तो कोठे थांबला, किती वेळ थांबला, आणि त्या थांबण्यात आपल्या स्वतःचा वाटा किती होता, एवढेच टिपून ठेवावे. सुधारणेला लागणारे बहुतेक ज्ञान त्या एका फेरीत हाती येते. उरतो तो केवळ ते मान्य करण्याचा धीर.